बाटलीत पस्तीस, टाकीत बावीस

आमच्या फटफटीला कुंकवाचा वास यायचा. पेट्रोलचा आणि ऑइलचा तर यायचाच, पण त्याच्या आड कुठंतरी कुंकू, ऊद आणि विभूती यांचा मिळून एक वास असायचा, आणि डोळे झाकूनही ती गाडी आमची आहे हे मला सांगता आलं असतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूजेच्या सामानाचे व्यापारी. ताडकळसला आमचं घर आणि घरातच माल. झरी, खुद्द ताडकळस आणि आणखी दोन गावं असे चार आठवडी बाजार ते करत. फटफटीच्या मागच्या बाजूला पत्र्याचे दोन उंच डबे दोरीनं आवळून बांधलेले असत आणि वरून छत्री आडवी. पालमचा बाजार आमच्याच नात्यातल्या एकाकडं होता, म्हणून अप्पा तिकडं कधी दुकान लावत नसत. नात्यातल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं ते म्हणत. हे पालम ध्यानात ठेवा, कारण माझ्या पापाची वाट तिकडंच जाते.

घरात सकाळ व्हायची ती घंटेनं. अप्पांची अंघोळ, लिंगपूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. पूजा आटोपली की ते पाटावरूनच हाक मारत आणि मी समोर जाऊन बसलो की तीन बोटांनी माझ्या कपाळावर विभूती ओढत. तोवर माय चुलीपुढं भाकरी थापत असायची. तव्याखालचा जाळ, कडेला येसराची आमटी रटरटतेय, आणि आमटीचं पातेलं उतरवायला तिची ती एक पाय वाकडी झालेली सांडशी. भाकरी झाल्या की माय ओसरीवर कुंकू चाळायला बसे आणि दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत लाल होऊन जात. शेजारणी चेष्टा करत, 'तुमच्या घरात रोजच लगीन हाय की वो!' बाजार नसेल त्या दिवशी सुशीला व्हायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट. पुढं अनेक शहरांत अनेक पदार्थ खाल्ले, पण सुशीलाएवढं मन कशावर बसलं नाही.

अप्पांच्या दुकानाची एक रीत होती आणि ती सगळ्या बाजाराला ठाऊक होती. त्यांच्यापुढं पितळेच्या ताटलीत विभूती ठेवलेली असे, गिऱ्हाइकानं कपाळाला लावावी म्हणून. पण बाजारात दोघांची वादावादी झाली, कुणी मापात मारलं, कुणी शब्द फिरवला, की लोक ते भांडण घेऊन अप्पांकडं येत. अप्पा काही निवाडा करत नसत. चिमूटभर विभूती समोरच्याच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, 'हे हातात घे आन् सांग.' बस्स. भस्म हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही यावर अप्पांचा विश्वास होता, आणि अप्पा स्वतः कधी खोटं बोलत नाहीत यावर बाजाराचा.

तर ती फटफटी. निळी, टाकीवर उजव्या बाजूला पोचा आलेली, पूर्णेच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. गाडी आली तेव्हा मायनं ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं. पण गाडी पेट्रोल पिण्यात मोठी हावरी निघाली. लिटरला वीस, फार तर बावीस किलोमीटर. अप्पा दर आठवड्याला टाकी काठोकाठ भरत, मीटरचा आकडा मनात धरत आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना हिशेब लावत. दोनदा झरीहून येताना पेट्रोल संपलं आणि डब्यांसकट गाडी ढकलत ते घरी आले. धोतर घामानं ओलं, कपाळावरची विभूती ओघळलेली. माय म्हणाली, 'ह्याच्यापक्षी बैलगाडी बरी. ती कडबा खाती, पन घरी तर आनती.'

लिंबाजी मिस्त्री याच सुमाराला गावात आला. आला म्हणजे परत आला, गाव त्याचंच. नांदेडला कुणाच्या तरी गॅरेजात पाच-सहा वर्षं काम शिकून त्यानं स्टँडजवळच्या लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकलं होतं. वय असेल पंचविशीचं. नवं लग्न. कामाला कुणी येत नव्हतं. सायकलीचे पंक्चर आणि इंजिनांचे पंप, एवढ्यावर चाललं होतं. व्यापाऱ्यांच्या गाड्या सवयीनं पूर्णेला जात. अप्पांनी त्याला बाजारात सगळ्यांदेखत सांगितलं, 'लिंबाजी, माझी गाडी सुधरीव. तिनं तिशी गाठली तर ह्या बाजारातल्या समद्या गाड्या तुझ्या दारात आनून हुब्या करतो. माझा शब्द हाय.' अप्पांचा शब्द म्हणजे काय हे लिंबाजीलाही ठाऊक होतं. त्या एका गाडीवर त्याचं दुकान राहायचं होतं किंवा जायचं होतं.

मी त्याच्या शेडमध्ये दिवसभर बसून होतो. लिंबाजीनं आधी प्लग काढला, तो काजळासारखा काळा. मग हवेची जाळी काढली आणि तो मोठमोठ्यानं हसायलाच लागला. जाळी लालभडक होती. डब्याच्या फटीतून वर्षानुवर्षं उडालेलं कुंकू गाडीनं श्वासाबरोबर ओढून घेतलं होतं. 'अप्पा,' तो म्हणाला, 'गाडीचा दम कोंडलाय. हवा भेटना म्हून नुसतं पेट्रोलच प्यायलीय. तुमी तर हिला पार सवाशीन करून ठिवलाव!' अप्पाही हसले. लिंबाजीनं जाळी धुतली, कार्बोरेटर उघडून त्याची बारीक भोकं तोंडानं फुंकून साफ केली, सायलेन्सरच्या आतली नळी जाळात घालून तिच्यावरची काळी खपली झाडली, मागचा ब्रेक चाकाला धरत होता तो सैल केला, चेन ओढून नीट केली. पत्र्याचं एक झाकण करून डब्यांच्या आणि जाळीच्या मध्ये बसवलं, पुन्हा कुंकू जाऊ नये म्हणून. आणि शेवटी दवाखान्यातून आणलेली सलाईनची रिकामी बाटली काढली. टाकीची नळी बंद करून त्यानं ती बाटली हँडलला टांगली, मापानं पाव लिटर पेट्रोल तिच्यात ओतलं, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि अप्पांना म्हणाला, 'बसा. जिथं बंद पडंल तिथं मीटर बगा.' पाव लिटरमध्ये गाडी पावणेनऊ किलोमीटर गेली. लिटरला पस्तीस! अप्पांनी खिशातून गुळाचा खडा काढून लिंबाजीच्या तोंडात घातला. त्याची बायको शेडच्या दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

आता माझं. माझं वय सतराचं. अप्पा आठवड्यातून एक दिवस एस.टी.नं परभणीला माल आणायला जात आणि गाडी घरी राहत असे. किल्ली देवळीत, देवाच्या बाजूला. मला गाडी येत होती, पण एकट्यानं न्यायची परवानगी नव्हती. आणि माझ्या मनात एक हिशेब आला. तो आजही आठवला की मान खाली जाते. गाडी आधी बावीस द्यायची, आता पस्तीस देते. मग मधलं जे पेट्रोल वाचलं, ते कुणाचं? अप्पांना तर बावीसचीच सवय आहे. म्हणजे वाचलेलं कुणाचंच नाही. म्हणजे माझं.

'वढ्यावर गाडी धुऊन आनतो,' असं मायला सांगून मी गाडी ढकलत गावाबाहेर नेई. ओढ्याच्या आड गेलं की पुढच्या चाकाजवळ बसायचं, मीटरची केबल जिथं चाकाला जोडलेली असते तिथला नट सोडवायचा, केबल बाजूला करायची. मग गाडी कितीही पळवा, मीटर जागचं हलत नाही. नट घट्ट असायचा, म्हणून मी मायची सांडशी कमरेला खोचून नेत असे. मग सरळ पालम. बाजाराचा दिवस सोडला तर तिथं अप्पांना ओळखणारं कुणी नसायचं. एस.टी. स्टँडासमोर गाडी तिरकी उभी करायची, किल्ली बोटावर फिरवत चहा मागवायचा आणि कुणी 'गाडी तुमची का?' असं विचारलं की 'हो, आपलीच' म्हणायचं. एवढ्यासाठी. मला कुठं जायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. परत येताना ओढ्यावर खरोखरच गाडी धुवायची, केबल जोडायची. संध्याकाळी अप्पा परभणीहून आले की चकचकीत गाडी बघून मायला म्हणत, 'पोरगं निगा राखायलंय बग गाडीची.'

परवा नातवानं नवी गाडी आणली. तिच्या मीटरवर लिटरला किती जाते तो आकडा आपोआप दिसतो. तो मोठ्या हौसेनं दाखवत होता आणि मी दुसरीकडं बघत होतो. त्याला वाटलं, आजोबांना नव्या वस्तूंचं काही वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात, मी हात लावायच्या आधी, अप्पांच्या टाकीत लिटरला पस्तीस भरले होते. दुसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस. मी पालमला दोनदा जायला लागलो, एकदा परभणीच्या दिवशी आणि एकदा अप्पा दुपारचे झोपल्यावर, तेव्हा आकडा पुन्हा बावीसवर आला. अप्पा गाडी घेऊन लिंबाजीकडं गेले. त्यानं पुन्हा सगळं उघडून पाहिलं, पुन्हा बाटली टांगली. पस्तीस. अप्पा घरी घेऊन आले, बाजार केले, टाकी भरली. बावीस. पुन्हा बाटली. पस्तीस. 'लिंबाजी,' अप्पा म्हणाले, 'तुझ्या बाटलीत पस्तीस देती आन् माझ्या टाकीत बावीस. ही गाडी हाय का गारुड हाय?' अप्पांच्या शेजारी तंबाखूचं दुकान लावणारा नामदेव, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, तो ऐकत होता. तो सहज बोलून गेला, 'अप्पा, गाडी दिस-दिस त्याच्याच दारात ऱ्हाती. टाकीची नळी सोडवायला काय लागतंय?' अप्पांनी त्याला गप्प केलं. पण बोललेलं बोलून झालं होतं.

तिसऱ्यांदा गाडी लिंबाजीकडं न्यायचं काम अप्पांनी मला सांगितलं. त्यानं टाकीकडं बघितलंच नाही. पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, केबलच्या नटावरून अंगठा फिरवला. नटाच्या कडा दात पडल्यासारख्या झाल्या होत्या. अंगठ्याला काळं लागलं. त्यानं ते नाकाशी नेलं, हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. तेलकट काजळी, चुलीची. मग हळूच, हसत म्हणाला, 'शिवाप्पा, हा नट हातानंबी निगतंय. मायची सांडशी कामून नासायलाव?' मी चाकाकडं बघत राहिलो. तो म्हणाला, 'मी न्हाई सांगनार. ल्हान वयात गाडी दिसली की असं हुतंय, मीबी केलंय. पन तुमी सांगा अप्पाला. लोक माझ्याकडं वंगाळ नजरेनं बगायलेत. तुमी सांगितलं तर अप्पा चार शिव्या देतेल, दुसरं काय?' मी मान हलवली. आज सांगतो म्हणालो. खरंच सांगणार होतो. घरी गेलो तर अप्पा जेवत होते, मग ते झोपले, मग दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा होती. सांगायला योग्य वेळ शोधणाऱ्याला ती कधी सापडत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढचा बाजार ताडकळसचाच होता. मी डबे उतरवायला अप्पांबरोबर होतो. लिंबाजी काही सामान घ्यायला बाजारात आला आणि नामदेवनं त्याला मोठ्यानं हटकलं, 'काय मिस्त्री, आज किती लिटर?' चार-दोन जण हसले. लिंबाजीचं तोंड उतरलं. माणसं गोळा झाली. अप्पा उठले. त्यांना भांडण नको होतं. उलट लिंबाजीला यातून सोडवावं असंच त्यांच्या मनात असावं, असं मला आज वाटतं. त्यांनी ताटलीतून चिमूटभर विभूती घेतली, हात पुढं केला आणि म्हणाले, 'लिंबाजी, मला तुझ्यावर शंका न्हाई. पन लोकायची तोंडं बंद करायची हायत. हे हातात घे आन् सांग. गाडीचं पेट्रोल कुटं जायलंय, तुला ठावं हाय का न्हाई?'

अप्पांनी प्रश्न असा विचारला नसता तर! 'तू घेतलं का?' एवढंच विचारलं असतं तर तो खुशाल 'न्हाई' म्हणून मोकळा झाला असता. पण प्रश्न होता, ठाऊक आहे की नाही. भस्म हातात घेऊन 'ठावं न्हाई' म्हणणं त्याला जमणार नव्हतं. 'ठावं हाय' म्हटलं की पुढचा शब्द माझं नाव होता. लिंबाजीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं पाहिलं. मी तीन पावलांवर उभा होतो, हातात कुंकवाचा डबा. एक वाक्य बोलायचं होतं. मी डब्याचं झाकण घट्ट लावायला लागलो, आधीच घट्ट असलेलं.

लिंबाजीनं हात पुढं केलाच नाही. 'अप्पा, भस्म ऱ्हाऊ द्या,' तो म्हणाला. 'माझंच काम चुकलं असंल.' आणि वळून चालायला लागला. अप्पांचा हात तसाच पुढं राहिला. त्या बाजारात आजवर कुणी ती विभूती नाकारली नव्हती. अप्पांनी चिमूट ताटलीत परत टाकली, खाली बसले आणि बराच वेळ गिऱ्हाइकाकडं बघेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली, अप्पांनी हाक मारली आणि मी पाटासमोर बसलो. त्यांनी माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली. मला वाटलं, आता कपाळ पोळेल. काही झालं नाही. येसराची आमटी होती, ती मी दोन वाट्या खाल्ली.

लिंबाजीकडं सायकलीही येईनात. पंधरा दिवसांनी त्यानं शेडचे पत्रे उतरवले आणि बायकोला घेऊन तो गावातून गेला. तो पत्रे बैलगाडीत घालत असताना मी लांबून बघितलं. त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. शरमेनं म्हणा, भीतीनं म्हणा, पालमची वाट मी सोडली. आणि त्यानं काय झालं? अप्पांच्या टाकीत गाडी पस्तीस द्यायला लागली. दर आठवड्याला, न चुकता पस्तीस. ते सगळं लिंबाजीच्या हातचं काम होतं. त्यानं धुतलेली जाळी, त्यानं लावलेलं ते पत्र्याचं झाकण. पण बाजाराला त्यातून दुसरंच दिसलं. मिस्त्री गेला आणि गाडी सुधारली, आणखी कसला पुरावा पाहिजे? माझ्या खोटेपणानं त्याच्यावर नुसता आळ आला होता. मी सुधारलो आणि तो आळ पक्का झाला. अप्पा आयुष्यभर आम्हा भावंडांना त्याचं उदाहरण देत राहिले. 'हातात कला होती पोराच्या. पन नुसती कला काय कामाची, नियत पायजे.' प्रत्येक वेळी मी मान डोलावली. लग्न झाल्यावर डोलावली, बाप झाल्यावर डोलावली. अप्पांच्या शेवटच्या आजारात रोज त्यांच्या उशाशी बसत होतो. एकदा तर तोंड उघडलंही होतं. मग त्यांना पाणी हवं का असं विचारलं.

अप्पा गेल्यावर दोन वर्षांनी मी पालमला गेलो. लिंबाजी तिथंच गॅरेज टाकून आहे, हे उडत उडत कळलं होतं. स्टँडापासून जवळ. म्हणजे ज्या चहाच्या दुकानापुढं मी किल्ली फिरवत बसायचो, त्याच्या हाकेवर. गॅरेज आता मुलगा चालवतो. लिंबाजी खुर्चीवर बसून गाड्यांचे नुसते आवाज ऐकून मुलाला दोष सांगत होता. केस सगळे पांढरे. त्यानं मला लगेच ओळखलं. 'या शिवाप्पा,' म्हणाला, जसा काही मी परवाच भेटलो होतो. मी घरून विभूतीची पुडी नेली होती. मुलगा आणि दोन गिऱ्हाइकं समोर असताना मी ती तळहातावर ओतली आणि सगळं सांगितलं. केबल, सांडशी, पालम, कुंकवाचा डबा. लिंबाजीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'अप्पाला सांगितलं व्हतं का?'

'न्हाई.'

त्यानं फडक्यानं बोटं पुसली. बोटांना काहीच लागलेलं नव्हतं. 'मंग मला कामून सांगायलाव? मला तर ठावंच व्हतं की. ज्यायला ठावं न्हवतं त्यायला सांगायचं व्हतं.' त्यानं चहा मागवला, माझ्या गाडीचा आवाज ऐकला, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवून दिला. निघताना मी पाया पडायला वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले.

ज्यांना ठाऊक नव्हतं त्यातलं आता कोण उरलं होतं? अप्पा गेले, माय त्यांच्याही आधी गेली. मी पुढच्याच बाजाराला ताडकळसला गेलो. आमच्या जागेवर आता कुणी प्लास्टिकच्या बादल्या घेऊन बसतो. पण शेजारी नामदेव तसाच होता, बोळकं तोंड, पुढ्यात तंबाखूची पोती. मी विचारलं, 'नामदेवभाऊ, लिंबाजी मिस्त्री आठवतो का?'

'कोन, पेट्रोलचोर?' नामदेव लगेच म्हणाला. 'त्येच्या बायकोच्या अंगावरचे सोन्याचे डाग इकावे लागले म्हनं त्या पायी. आठवतंय की.'

मी त्याच्यापुढं खाली बसलो आणि सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. चोर तो नव्हता, मी होतो, असं तीन-तीनदा सांगितलं. नामदेव कानामागं हात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो हसला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

'तुमी लय मोठ्या मनाचे हाव शिवाप्पा,' तो म्हणाला. 'त्या गरिबाचं पाप आपल्या अंगावर घ्यायलाव. पन अप्पानं सोता भस्म पुढं केलं, आन् त्येनं घेतलं न्हाई, हे म्या ह्या डोळ्यानं बगितलंय. अप्पाचं भस्म खोटं बोलंल व्हय?'

मी पुन्हा सांगायला लागलो, तेवढ्यात त्याचं गिऱ्हाईक आलं.